निसटणारा गुडघा

गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा असला, तरी केवळ हाडांच्या ठेवणीचा विचार केल्यास तो फारसा भरवशाचा नाही. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कटिभागाच्या हाडातील खोल खोबणीत पक्का बसलेला असतो; गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. ती तेथून घसरू नयेत याची जबाबदारी सांध्याभोवतीच्या स्नायूंवर, दोन्ही हाडांच्या मध्ये असलेल्या आणि बोलीभाषेत ‘गादी’ म्हटल्या जाणाऱ्या कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्यांवर आणि मुख्यतः अस्थिबंधांवर पडते. अस्थिबंध म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी बनलेला, एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा हा त्याहून वेगळा अवयव असून, पुढे शस्त्रक्रियेच्या संदर्भात तिचे महत्त्व दिसेल.

गुडघ्यात असे चार प्रमुख अस्थिबंध असतात. त्यांपैकी दोन सांध्याच्या पोटात, एकमेकांना फुलीसारखे छेदत जातात; पुढच्याला डॉक्टर आणि खेळाडू सारेच ‘एसीएल’ म्हणतात आणि मागच्याला ‘पीसीएल’. उरलेले दोन सांध्याच्या कडांना असतात, दुसऱ्या गुडघ्याकडील बाजूला ‘एमसीएल’ आणि बाहेरच्या बाजूला ‘एलसीएल’. एसीएल सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा असून नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणे आणि पाय रोवून शरीर वळवताना गुडघ्याला पीळ बसू न देणे ही त्याची दोन कामे आहेत. पीसीएल त्याहून जाड व बळकट असतो आणि नडगीला मागे जाण्यापासून रोखतो, तर कडेचे दोघे गुडघा आत किंवा बाहेर कलण्याला विरोध करतात. या पट्ट्यांमध्ये चेतातंतूंची टोकेही असतात आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वार्ता ती मेंदूला सतत देत राहतात. त्यामुळे अस्थिबंध तुटला की एक आधार जातोच, शिवाय गुडघ्याची स्वतःविषयीची जाणीवही मंदावते, आणि पुढील व्यायामोपचारांत स्नायूंच्या ताकदीइतकाच तोल साधण्यावर भर का दिला जातो याचे उत्तर येथे सापडते.

एसीएल तुटण्यासाठी कुणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. उलट, बहुतेक वेळा खेळाडू एकटाच धावत असतो, अचानक थांबतो, दिशा बदलतो किंवा उडी मारून एका पायावर उतरतो. पाऊल जमिनीला खिळलेले राहते, गुडघा किंचित वाकून आत झुकतो आणि वरचे शरीर फिरते. फुटबॉल, बास्केटबॉल आणि बॅडमिंटनमध्ये हे घडतेच; पण कबड्डी आणि खो-खो या दोन मराठमोळ्या खेळांची सारी मजा ज्या हालचालींत आहे, त्या नेमक्या याच जातीच्या आहेत. कबड्डीत चढाईपटूचा घोटा बचावपटूच्या हातात अडकतो आणि तो मध्यरेषेकडे झेपावण्यासाठी अंग पिळतो, तेव्हा खिळलेले पाऊल आणि फिरणारे शरीर यांच्यामध्ये गुडघाच सापडतो. खो-खोत खांबाला वळसा घालताना पूर्ण वेगातील शरीराची दिशा क्षणात उलटते. मुलींमध्ये, समान खेळ समान पातळीवर खेळत असतानाही, एसीएलच्या इजेचे प्रमाण मुलांच्या दोन ते तीन पट किंवा त्याहून अधिक आढळते, आणि त्यामागे कटिभागाची रुंदी, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंच्या बळातील तफावत, उडीनंतर पाय टेकवण्याची पद्धत अशी अनेक कारणे एकत्र असावीत असे मानले जाते.

भारतात या दुखापतीचे दुसरे मोठे उगमस्थान मैदानाबाहेर, रस्त्यावर आहे. दुचाकी घसरून पडताना पाय गाडीखाली पिळला जातो, किंवा वाकलेला गुडघा थेट रस्त्यावर आपटून नडगीचे हाड मागे रेटले जाते. या दुसऱ्या प्रकारात पीसीएल दुखावतो. चारचाकीत पुढच्या आसनावरील माणसाचा गुडघा समोरच्या फळीवर आदळल्यासही तेच होते. दुचाकीच्या अपघातांत पीसीएल मधोमध न तुटता नडगीच्या मागच्या कडेचा हाडाचा तुकडा सोबत घेऊन उखडण्याचा प्रकार भारतीय अस्थिरोगतज्ज्ञांना चांगलाच परिचित आहे. तो वेळेत ओळखला गेला तर तुकडा स्क्रूने जागच्या जागी बसवता येतो आणि नवा अस्थिबंध तयार करण्याची गरज पडत नाही.

एसीएल तुटताना अनेकांना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे जाणवते, काही वेळा तो शेजारच्यालाही ऐकू येतो, आणि पुढच्या काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. ही सूज पाण्याची नसून रक्ताची असते, कारण अस्थिबंधासोबत त्यातील रक्तवाहिन्याही फाटलेल्या असतात. गादीला इजा झाल्यास सूज सहसा दुसऱ्या दिवशी, हळूहळू येते. त्यामुळे ‘सूज किती वेळाने आली’ हा प्रश्न विचारणारा डॉक्टर वेळ घालवत नसतो, तर अर्धे निदान करत असतो. हाड मोडलेले नसताना इजेनंतर काही तासांत गुडघ्यात रक्त साठले असेल, तर सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये एसीएल तुटलेला किंवा अंशतः फाटलेला आढळतो.

यानंतर जे घडते ते या दुखापतीतील सर्वांत फसवे प्रकरण आहे. घरी आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लागतो, कुणी हळद-चुना लावतो, कुणी गावच्या हाडवैद्याकडे नेतो. लेपाने सहसा अपाय होत नाही. ताज्या इजेवर केलेल्या जोरकस माळिशीने आणि गुडघा ओढून ‘बसवण्या’ने मात्र नक्की होतो. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि माळीश टाळून विश्रांती, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा एका वेळी १५ ते २० मिनिटे थंडावा, लवचीक पट्टीचा दाब आणि पाय उशीवर उंच ठेवणे एवढे पुरेसे असते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणे थांबते, माणूस सरळ रस्त्यावर व्यवस्थित चालू लागतो आणि ‘लचक होती, बरी झाली’ असा निर्वाळा घरातलेच देऊन टाकतात. एसीएल मात्र तुटलेलाच असतो. सपाट रस्त्यावर सरळ चालण्यासाठी त्याची फारशी गरज पडत नाही. ती पडते जिना उतरताना, चिखलात पाय वळताना, बसमधून उतरता उतरता मागे वळून पाहताना. अशा वेळी गुडघा एकदम ‘निसटतो’, माणूस तोल सावरतो किंवा पडतो, थोडी सूज येते, आठवड्याभरात तीही जाते आणि पुन्हा विसर पडतो.

प्रत्येक निसटण्यात मांडीचे हाड नडगीवरून घसरताना मधली गादी चिरडली जाते. सुरुवातीला शाबूत असलेली गादी महिनोन्‌महिने अशी रगडली गेली की फाटते, तिचा सुटा भाग कधी सांध्यात अडकून गुडघा सरळच होईनासा होतो, आणि गादी गेली की हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजू लागते. पंचविशीत झालेल्या ‘लचकी’चे चाळिशीत संधिवातात रूपांतर होण्याचा मार्ग हा असा आहे. म्हणूनच दुखणे थांबले की नाही यापेक्षा गुडघा निसटतो की नाही हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

एमसीएल तुटला तर तो बहुधा आपोआप सांधतो, मग एसीएल का सांधत नाही, ही शंका स्वाभाविक आहे. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर, भरपूर रक्तपुरवठ्याच्या ऊतींत असतो. त्याच्या फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी साचते, तिच्या आधाराने नवे तंतू वाढतात आणि टोके जोडली जातात. एसीएल सांध्याच्या आत असतो आणि तेथील वंगणद्रवात ही गुठळी टिकत नाही. दोन टोकांमधला पूलच उभा राहत नसल्याने ती सुटी राहतात आणि कालांतराने आक्रसून जातात.

या इजेचे वर्णन जुने आहे. फ्रान्समधील लियों येथील शल्यविशारद अमेदे बोने यांनी १८४५ मध्येच आवाज, सांध्यात साठणारे रक्त आणि कार्यनाश ही एसीएल तुटल्याची लक्षणे नोंदवली होती, आणि इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे फुलीबंध शिवण्याची शस्त्रक्रिया केली. केवळ शिवून भागत नाही हे ध्यानात आल्यावर ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूची ऊतिपट्टी गुडघ्यातून ओवून नवा अस्थिबंध घडवला, आणि आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व तेच आहे. निदानाची सर्वांत भरवशाची हाताने करायची चाचणी मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फार उशिरा आली. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे जॉन लॅकमन ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत असत आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली.

लॅकमन चाचणीत रुग्णाला उताणे झोपवून गुडघा २० ते ३० अंशांत वाकवला जातो, एका हाताने मांडी स्थिर धरली जाते आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली जाते. अस्थिबंध शाबूत असेल तर नडगी थोडी सरकून ठाम अडते. तुटलेला असेल तर ती अधिक सरकते आणि शेवटी तो ठाम अटकाव हाताला लागतच नाही. गुडघा काटकोनात वाकवून नडगी ओढण्याची जुनी चाचणी आजही केली जाते, पण त्या स्थितीत मांडीच्या मागचे स्नायू आखडून नडगीला धरून ठेवू शकतात, त्यामुळे ताज्या इजेत ती फसवते. तिसऱ्या चाचणीत पाय आत पिळून, बाहेरून दाब देत गुडघा हळूहळू वाकवला जातो, तेव्हा पुढे सरकलेली नडगी एकदम झटका देऊन जागेवर येते. रुग्ण ज्याला ‘निसटणे’ म्हणतो तेच येथे तपासणीच्या पलंगावर घडवून आणले जाते. दुखऱ्या आणि घाबरलेल्या रुग्णात ही चाचणी नीट होत नाही, भूल दिल्यावर मात्र फार स्पष्ट होते. पीसीएलसाठी दोन्ही गुडघे काटकोनात ठेवून बाजूने पाहिले तरी इजा झालेल्या बाजूची नडगी मागे ओघळलेली दिसते, आणि कडेच्या अस्थिबंधांसाठी गुडघा आधी किंचित वाकवून व नंतर सरळ ठेवून आत-बाहेर कलवला जातो. प्रत्येक चाचणी आधी चांगल्या गुडघ्यावर करावी लागते, कारण काही माणसांचे सांधे जन्मतःच सैल असतात आणि तुलनेवाचून सैलपणाला अर्थ नसतो. सूज फार असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करणे हा कमीपणा मानण्याचे कारण नाही.

क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाहीत, तरीही ते काढले जाते, ते हाड मोडलेले नाही याची खात्री करण्यासाठी. कधी त्यात नडगीच्या बाहेरच्या कडेवरून सुटलेला हाडाचा चिमुकला पापुद्रा दिसतो. फ्रान्सचे पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्याही आधी, शवांच्या अभ्यासातून वर्णन केलेला हा अस्थिभंग दिसला की एसीएल तुटलेला असण्याची शक्यता फारच मोठी असते. अस्थिबंध आणि गादी प्रत्यक्ष दाखवणारी तपासणी म्हणजे चुंबकीय क्षेत्र वापरणारे एमआरआय. एसीएल पूर्ण तुटला असल्यास ती बहुधा चुकत नाही, शिवाय गादीची इजा आणि हाडांना आतून बसलेला मुका मारही दाखवते. अंशतः फाटलेल्या अस्थिबंधाबाबत मात्र तिचा कौल डळमळीत असतो, कारण किती तंतू उरले हे चित्र सांगते, उरलेले तंतू भार पेलतात की नाही हे सांगत नाही.

गुडघ्याला हात न लावता आधी एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याचा जो प्रघात शहरांत पडत चालला आहे, त्याचा तोटा पैशांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची गादी फाटलेली आढळली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याची कोणतीही तक्रार नव्हती. उतारवयातील गुडघ्याच्या अहवालात ‘टिअर’ हा शब्द दिसला की शस्त्रक्रियेच्या विचाराने धास्तावणाऱ्या कुटुंबांना ही एक गोष्ट आधी सांगायला हवी. अहवालातील प्रत्येक दोष हा रुग्णाच्या तक्रारीचे कारण असतोच असे नाही, आणि त्या दोहोंची सांगड तपासणाऱ्या हातानेच घालावी लागते.

एका प्रसंगी मात्र वाट पाहण्याला जागा नसते. मोठ्या अपघातात तीन-चार अस्थिबंध एकदम तुटून गुडघा निखळतो, तेव्हा सांध्यामागून पोटरीकडे जाणारी मुख्य धमनी ताणली किंवा फाटली जाऊ शकते, आणि सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला नाही तर पाय कापावा लागण्याची वेळ येते. निखळलेला गुडघा पुष्कळदा रुग्णालयात पोहोचण्याआधी आपोआप जागेवर बसतो, त्यामुळे वरून गंभीर न दिसणाऱ्या पण सर्व बाजूंनी सैल झालेल्या गुडघ्यात पावलाची नाडी तपासणे आणि घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते. बाहेरच्या बाजूच्या इजेत पाऊल वर उचलणारी चेताही दुखावू शकते आणि पाऊल लुळे पडते. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांचा गुडघा ३० डिसेंबर २०२२ रोजी रुडकीजवळ झालेल्या मोटार अपघातात निखळला होता. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत त्यांच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली आणि ते मार्च २०२४ मध्ये आयपीएलमध्ये पुन्हा खेळू लागले. उत्तमोत्तम सोयी हाताशी असलेल्या तरुण खेळाडूलाही एवढा काळ लागतो, हे या इजेच्या भारीपणाचे माप आहे.

उपचारांचा विचार प्रत्येक अस्थिबंधासाठी वेगळा करावा लागतो. एकट्या एमसीएलची इजा, अगदी पूर्ण तुटलेला असला तरी, कडेला बिजागरी असलेला पट्टा सुमारे सहा आठवडे वापरून आणि गुडघ्याची हालचाल चालू ठेवून बहुधा बरी होते. एकट्या पीसीएलच्या सौम्य इजेतही मांडीचा पुढचा स्नायू बळकट केला तर तो नडगीला पुढे धरून ठेवतो आणि पुष्कळांचे त्यावर भागते. बाहेरच्या मागच्या कोपऱ्यातील इजा मात्र स्वतःहून नीट सांधत नाही. तिच्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर निकाल चांगला लागतो, आणि ती दुर्लक्षित राहिली तर त्याच गुडघ्यात नव्याने घातलेला एसीएलही वाढीव ताणाने निकामी होऊ शकतो.

खरा वाद एसीएलविषयी आहे. ‘तुटला म्हणजे शस्त्रक्रिया’ हे समीकरण बराच काळ गृहीत धरले जात होते. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचालीचे जीवन जगणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला केवळ शिस्तबद्ध व्यायामोपचार आणि गुडघा निसटत राहिल्यास नंतर शस्त्रक्रियेची मुभा होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत अर्थपूर्ण फरक दिसला नाही, आणि पाच वर्षांनीही दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडलेली नव्हती. मात्र त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते आणि सर्व इजा ताज्या होत्या. ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनी इजा असलेले आणि गुडघा निसटण्याची तक्रार कायम असलेले लोक घेतले होते. तेथे शस्त्रक्रियेचा निकाल सरस ठरला. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ताज्या इजेत व्यायामाला काही महिन्यांची संधी देणे पुष्कळांना परवडते; जो गुडघा निसटतच राहिला आहे, ज्याची दुरुस्त होण्याजोगी गादी सोबत फाटली आहे, किंवा ज्याच्या मालकाला पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरायचे आहे, त्याला नवा अस्थिबंध देणे शहाणपणाचे. बँकेत बसून काम करणारा पन्नाशीचा गृहस्थ आणि पोलीस भरतीची तयारी करणारी वीस वर्षांची मुलगी यांचा एमआरआय अहवाल शब्दशः सारखा असू शकतो, उपचार सारखे असण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रिया ठरली तरी ती दुसऱ्या दिवशी करण्याची घाई सहसा नसते. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यात चिवट ऊती वाढून तो कायमचा आखडण्याचा धोका असतो. म्हणून सूज उतरेपर्यंत, गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत आणि मांडीचा स्नायू पुन्हा काम करू लागेपर्यंत काही आठवडे व्यायाम दिला जातो. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. जपानमधील केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये शवाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली तेथून या तंत्राचा प्रवास सुरू होतो. लहान छिद्रांतून आत शिरलेल्या दुर्बिणीला तुटलेला एसीएल पिंजलेल्या सुंभाच्या टोकासारखा दिसतो. तो शिवण्याऐवजी रुग्णाच्याच शरीरातील कंडरा काढून तिची वळी केली जाते, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत मूळ अस्थिबंधाच्या जागी बोगदे पाडून ती त्यांतून ओवली जाते आणि धातूच्या छोट्या बटणाने किंवा स्क्रूने घट्ट केली जाते. १९८०च्या दशकात कृत्रिम धाग्यांचे अस्थिबंधही घालून पाहिले गेले, पण ते झिजून तुटू लागले आणि त्यांच्या कणांनी सांधे सुजू लागल्यावर तो उत्साह ओसरला.

कंडरा कुठून घ्यायची याला शास्त्राबरोबर राहणीमानाचाही संदर्भ आहे. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह घेतली तर हाडाला हाड लवकर जुळते आणि पकड भक्कम बसते, पण गुडघे टेकताना पुढच्या बाजूला दुखत राहण्याची तक्रार त्यात अधिक आढळते. जमिनीवर बसून पूजा करणाऱ्या, नमाज पढणाऱ्या, शेतात गुडघे टेकून खुरपणी करणाऱ्या माणसाला ही बाब क्षुल्लक नाही, आणि ती शस्त्रक्रियेपूर्वी बोलली जायला हवी. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा घेतल्यास ही तक्रार कमी असते आणि भारतात त्यांचाच वापर अधिक होतो. अलीकडे घोट्याच्या बाहेरून जाणारी एक लांब कंडरा घेण्याची पद्धतही येथे रुळू लागली आहे.

ओवलेली कंडरा पहिल्या दिवशी अस्थिबंध नसते. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढील काही आठवड्यांत ती आतून मऊ पडते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि वर्षभराहून अधिक काळ तिचे तंतू हळूहळू अस्थिबंधाच्या धाटणीने पुन्हा रचले जातात. घोटाळा असा की साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास कंडरा सर्वांत दुबळी असते, आणि नेमके तेव्हाच रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. टाके काढले म्हणजे उपचार संपला ही समजूत येथेच महागात पडते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मांडी आवळण्याचे आणि पाय सरळ उचलण्याचे व्यायाम सुरू होतात, काही आठवड्यांत कुबड्या सुटतात, मग स्थिर सायकल, तीन-चार महिन्यांनंतर हलके धावणे, आणि त्यानंतर उड्या व दिशाबदल. उकिडवे बसणे आणि मांडी घालून बसणे या दोन गोष्टींची विचारणा मराठी घरांतून सर्वांत आधी होते. त्या काही महिने पुढे ढकलाव्या लागतात, आणि तोवर कमोडची सोय लागते. गादीही शिवली असेल तर हा काळ लांबतो. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रियेची सोय आता पुष्कळ ठिकाणी झाली आहे, पण वर्षभर आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाणे तालुक्यातल्या मुलाला जमतेच असे नाही, आणि चांगली शस्त्रक्रिया वाया जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मैदानावर परतण्याचा दिवस दिनदर्शिका एकटी ठरवू शकत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले तितका गुडघ्याच्या पुन्हा इजेचा धोका घटतो, आणि इजा झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के होईपर्यंत थांबणाऱ्यांना त्याचा आणखी लाभ होतो. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या अशा साध्या चाचण्यांनी ही तुलना करता येते आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एवढे करूनही सगळे पूर्वपदावर येतात असे नाही. अनेक अभ्यासांची एकत्रित आकडेवारी सांगते की सुमारे ८१ टक्के रुग्ण कोणत्या तरी खेळाकडे परततात, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर पोहोचतात आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच पुन्हा दिसतात. न परतणाऱ्यांत गुडघा तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही मनातली भीती न गेलेले लोक बरेच असतात. कुस्तीगीर विनेश फोगाट यांच्या गुडघ्याला २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढतीदरम्यान गंभीर इजा झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत एसीएलची शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. वजनाच्या नियमामुळे ती लढत त्यांना खेळता आली नाही, पण गुडघ्याच्या दृष्टीने ती वाटचाल विलक्षणच म्हणावी लागेल.

एसीएल कधीच सांधत नाही या ठाम समजुतीलाही अलीकडे थोडा तडा गेला आहे. सिडनीतील एका चमूने ८० रुग्णांचे गुडघे इजेनंतर लगेच पट्ट्यात ९० अंशांत वाकवून चार आठवडे स्थिर ठेवले आणि नंतर हळूहळू सरळ केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार तीन महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये ९० टक्के रुग्णांत अस्थिबंध सांधत असल्याच्या खुणा होत्या. गुडघा वाकलेला असताना तुटलेली टोके जवळ येतात, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने आणि पाय इतका काळ न हलवल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने हा उपचार घरी पट्टा बांधून करण्याजोगा नाही.

प्रतिबंधाबाबत मात्र पुरावा अधिक जुना आहे आणि खर्च नाममात्र. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल संघांत सरावापूर्वी सुमारे २० मिनिटांचे ठरावीक व्यायाम, म्हणजे धावणे, मांडी व कटिभागाची ताकद, तोल आणि उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरण्याची सवय, एका हंगामभर घेतले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटलेल्या दिसल्या. या व्यायामांना मैदान आणि एक शिट्टी एवढेच साहित्य लागते. कबड्डी किंवा खो-खोच्या शालेय संघाला ते जसेच्या तसे लागू पडतात, फक्त प्रशिक्षकाने सरावाच्या वेळेतून ती २० मिनिटे आठवड्यातून किमान दोनदा वेगळी काढावी लागतात आणि उडीनंतर प्रत्येकीचा गुडघा कोणत्या दिशेला झुकतो याकडे स्वतः उभे राहून पाहावे लागते.